संच टिकाऊ आहे, पण त्यातलं तरस आपलं नाही

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी नाशिकला गेले होते, तेव्हा रविवार कारंजाजवळच्या शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून हा संच घेतला. खोक्यावर मराठीत ठळक छापलंय, ‘भारतातील वन्य सस्तन प्राणी’. आत १२ प्राणी, १२ माहितीकार्डं आणि एक घडीचा नकाशा. छापील किंमत १,८०० रुपये. शाळेसाठी हवाय म्हटल्यावर दुकानदारांनी १,६०० ला दिला. आमच्या दुसऱ्या गुरुजींनी आणि मी निम्मे निम्मे पैसे घातले. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. चुका कळवणारं पत्र मी त्यांना पाठवलंय आणि त्यांना सुधारायला वेळ मिळावा असं मला मनापासून वाटतं. पाच महिने रोज वर्गात वापरून झाल्यावर हे लिहितेय.

मी येवला तालुक्यात, राजापूर-ममदापूरच्या बाजूला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नाशिक जिल्हा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे द्राक्षबागा आणि गोदाकाठ येतो. आमच्याकडे यातलं काही नाही. आमच्याकडे माळ आहे. मुरमाड जमीन, कुसळीचं गवत, मधूनच एखादी बाभूळ नाहीतर बोर, आणि मार्चपासून टँकरची वाट. ममदापूरला काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे काळवीट मुलांच्या रोजच्या पाहण्यातलं. वर्गातली निम्मी मुलं मेंढरं नाहीतर शेळ्या असलेल्या घरची. लांडगा आणि तरस त्यांना पुस्तकातून कळलेले नाहीत. रात्री कुत्री भुंकायला लागली की घरातली मोठी माणसं बॅटरी घेऊन बाहेर पडतात, तिथून कळलेत.

म्हणूनच दुकानात खोक्याच्या मागची यादी वाचताना मला फार आनंद झाला. अशा संचांत वाघ, सिंह, हत्ती, गेंडा हे ठरलेलेच. या यादीत लांडगा होता, तरस होतं, काळवीट होतं, खवल्या मांजर होतं. खोकं सीलबंद असल्यामुळे उघडून पाहता आलं नाही. यादीवर विश्वास ठेवून घेतला.

चांगलं काय ते आधी सांगते. माल पक्का आहे. घट्ट रबरी प्लास्टिक, वास नाही, दातांनी चावलं तरी रंग सुटत नाही (पहिलीच्या मुलांनी याची पुरेपूर परीक्षा घेतली आहे). हत्ती एकदा पाण्याच्या टाकीत पडला, दोन दिवसांनी निघाला, जसाच्या तसा. काळविटाच्या शिंगांचे पीळ इतके नीट आहेत की मुलं त्यावरून बोट फिरवून ते मोजतात. खवल्या मांजराचे खवले कौलांसारखे एकावर एक बसवलेत. बारापैकी नऊ प्राण्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती मुख्यतः तरसाबद्दल आणि लांडग्याबद्दल, आणि ती लहान नाही.

खोक्यातून तरस काढून टेबलावर ठेवलं तेव्हा चौथीतली एक मुलगी ते हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, “बाई, हे कुठलंय? तरसाला तर पट्टे असतात.” तिचं बरोबर होतं. कंपनीने दिलंय ते ठिपक्यांचं तरस. ते सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत राहतं, भारतात त्याचा माग नाही. आपल्याकडे एकच तरस, पट्टेरी. त्याचे कान लांब आणि टोकदार, याचे गोल. त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत लांब केसांची आयाळ, घाबरलं की ती ताठ उभी राहते आणि जनावर एकदम दुप्पट वाटतं. याला पाठीवर नुसती चार खरखरीत केसांची रेघ. कार्डावर शास्त्रीय नावसुद्धा ठिपक्यांच्या तरसाचंच, क्रोकुटा क्रोकुटा. आपल्या तरसाचं नाव हायना हायना. आणि नकाशात मात्र त्याच कार्डाचा आकडा टाकून राजस्थानपासून कर्नाटकापर्यंत रंग भरलाय. आफ्रिकेचं जनावर, भारताचा नकाशा.

एक गोष्ट मात्र मूर्ती घडवणाऱ्याने अगदी निरखून केली आहे, तिचं श्रेय दिलंच पाहिजे. भिंगाखाली दोन्ही प्राण्यांचे पुढचे पाय धरले तर तरसाला चारच बोटं दिसतात, आणि लांडग्याला चार बोटं अधिक आतल्या बाजूला वर चढलेलं छोटं पाचवं. तरसाच्या चारही पायांना चार-चारच बोटं असतात. तसंच पुढचे पाय उंच, मागचे आखूड, पाठ मागे उतरती, हेही बरोबर आहे. मुलांनी पट्टीने मोजलं: तरसाच्या खांद्यापासून ढुंगणापर्यंत पाठ दीड सेंटिमीटर उतरते, लांडग्याची जवळजवळ सपाट. अंधारात नुसती आकृती दिसली तरी या एका उतारावरून ओळखता येतं, असं मी सांगितलं, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, “चालताना मागून लंगडल्यावानी दिसतं ना, तेच.” मला त्याहून चांगलं वर्णन जमलं नसतं.

कार्डावरची दुसरी चूक मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. तरसाच्या कार्डावर लिहिलंय, ‘कुल: श्वान’. लांडग्याच्या कार्डावरही तेच. म्हणजे मुलाने शिकायचं की हे दोघे भाऊभाऊ.

ते भाऊ नाहीत. दोघेही सस्तन वर्गातले, मांसभक्षक गणातले, इथपर्यंत वाट एक. त्यानंतर या गणाला दोन फाटे फुटतात. एका फाट्यावर कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड, अस्वलसुद्धा. दुसऱ्यावर मांजर, वाघ, बिबट्या, उदमांजर, मुंगूस. तरस या दुसऱ्या फाट्यावर आहे. दिसतं कुत्र्यासारखं, पण जवळचं नातं मुंगसाशी. हे फाटे फुटून चार कोटी वर्षांहून अधिक काळ लोटलाय. तरसाचं कुल अगदी लहान, आज जगात त्यात चारच जाती उरल्यात: पट्टेरी, ठिपक्यांचं, तपकिरी आणि वाळवी खाणारं एक छोटं आर्डवुल्फ. लांडग्याच्या कुलात तीसहून जास्त जाती. मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्गात गलका झाला. मुंगूस तर सगळ्यांनी पाहिलेलं.

कार्डावरच्या एका शब्दाचं इतकं काय, असं कुणी म्हणेल. म्हणून एक प्रसंग लिहिते.

दोन वर्षांपूर्वी कांदे काढणीच्या दिवसांत शाळेपासून दीड किलोमीटरवर एका कोरड्या विहिरीत जनावर पडलं. आदल्या आठवड्यात जवळच्या वाड्यावरची दोन कोकरं गेली होती. सकाळी ओरड झाली, ‘लांडगा घावला’. मुलं शाळेतून पळाली, त्यांच्या मागे मी. विहिरीच्या काठावर तीस-चाळीस माणसं. खाली कोपऱ्यात ते जनावर भिंतीला अंग घासून उभं होतं, पाठीवरचे केस ताठ, पायांवर काळे पट्टे स्पष्ट दिसत होते. ते गुरगुरलंही नाही. दगड पडत होते. एक दगड जबड्यावर लागला आणि रक्त आलं, ते मी पाहिलं. कुणी म्हणत होतं लांडगा, कुणी पट्टे पाहून वाघाचं पिल्लू. तेवढ्यात त्या चौथीतल्या मुलीचे आजोबा आले, त्यांची हयात मेंढरांमागे गेली आहे. त्यांनी वाकून पाहिलं आणि पोरांच्या हातातले दगड काढून घेतले. म्हणाले, “आरं तरस हाये ते. कोकरं यानी नाही नेली. हे मेलेलं खाणारं जनावर.” वनविभागाची माणसं आली, पिंजरा खाली सोडला, संध्याकाळी ते वर निघालं आणि मग माळावर नेऊन सोडलं.

तरस कधीमधी करडू उचलत नाही असं नाही. पण त्याचं मुख्य काम मेलेलं जनावर संपवण्याचं. हाडं फोडण्याइतका जबडा त्याच्याकडे आहे, म्हणून तर त्याची विष्ठा वाळल्यावर खडूसारखी पांढरी होते. मेंढरामागे लागतो तो लांडगा, तोही मुख्यतः पहाटे नाहीतर दिवेलागणीला, चार-सहा जणांच्या टोळीने. तरस बहुधा एकटं आणि रात्रीचं. हा फरक ज्याला कळतो त्याच्या हातून दगड पडत नाही. माझ्या मुलांना तो कार्डावरून कळायला हवा होता.

आता लांडगा. त्याची जात तरी बरोबर आहे, पण रूप परदेशी. संचातला लांडगा करड्या-पांढऱ्या दाट केसांचा, गलेलठ्ठ मानेचा, निळ्या डोळ्यांचा. कार्डावर निवास लिहिलाय ‘बर्फाळ प्रदेश व जंगल’. लडाख आणि स्पितीत बर्फातला लांडगा आहे खरा, पण तो वेगळ्या वंशाचा. आपला माळावरचा लांडगा किडकिडीत, उंच पायांचा, वाळक्या गवताच्या रंगाचा, पिवळ्या डोळ्यांचा. वजन जेमतेम २० किलोच्या आसपास. तरस त्याच्यापेक्षा बरंच जड. विशेष म्हणजे या लांडग्याचं शास्त्रीय वर्णन झालं तेच आपल्या दख्खनमधून. १८३१ साली कर्नल साइक्स यांनी त्याला नाव दिलं, कॅनिस पॅलिपेस. पॅलिपेस म्हणजे फिकट पायांचा. आज तो कॅनिस ल्युपस, म्हणजे करडा लांडगा, या जातीची उपजाती मानतात. जनुकांवरून आता असंही दिसतंय की जगातल्या जिवंत लांडग्यांमध्ये ही सर्वांत जुन्या वंशांपैकी एक शाखा आहे. एवढं आपल्या मातीतलं जनावर, आणि संचातल्या लांडग्याचे पाय काळेभोर रंगवलेत.

दोघांचा निवास कार्डांवर चुकीचा आहे, आणि ही चूक फक्त या कंपनीची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. तरसाला ‘घनदाट जंगल’ दिलंय. दोघांनाही खरं हवं असतं ते उघडं माळरान. लांडगा गवतात, झुडपांच्या आडोशाला बीळ करतो. तरस टेकडीच्या कपारीत, गुहेत, मोठ्या दगडांच्या सांदीत राहतं. सोलापूरजवळचं नान्नज, सुप्याचं मयूरेश्वर, आमचा हा येवल्याचा पट्टा, सगळीकडे हेच. पण सातबाऱ्यावर या जमिनीपुढे ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निकामी, असं लिहिलेलं असतं. जंगल तोडलं तर लोक हळहळतात, माळ नांगरला किंवा त्यावर झाडं लावली तर फोटो काढतात. मुलांनी कार्डावर ‘माळरान’ हा शब्द छापलेला पाहिला असता तर त्यांना आपल्या दारापुढच्या जमिनीचं मोल कळलं असतं. काळविटाच्या कार्डावर तरी ‘गवताळ प्रदेश’ आहे, तो मी फळ्यावर मोठा करून लिहिला.

संवर्धन दर्जासाठी कार्डांच्या कोपऱ्यात रंगीत गोल आहेत. कल्पना छान आहे, मुलं पटकन वाचतात. वाघाला लाल, ‘संकटग्रस्त’. लांडग्याला हिरवा, ‘कमी चिंता’. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत करड्या लांडग्याला कमी चिंतेचा दर्जा आहे हे खरं, पण तो युरोप, सायबेरिया, उत्तर अमेरिका असा सगळ्या जगाचा मिळून. भारताच्या संचात तो हिरवा गोल तसाच छापला की काय होतं पाहा. २०२२ च्या गणनेत देशातल्या वाघांचा अंदाज ३,६८२ आला. माळरानावरचे लांडगे देशभरात तीन हजारांच्या आसपास असावेत असा अभ्यासकांचा अंदाज. मुलांनी हे दोन आकडे फळ्यावर शेजारी पाहिले आणि विचारलं, मग लांडग्याचा गोल हिरवा का? मला नीट उत्तर देता आलं, पण ते कार्डावर हवं होतं.

तरसाचा गोल पिवळा, ‘संकटसमीप’. पट्टेरी तरसाला आययूसीएनने हाच दर्जा दिलाय, जगभरात प्रौढ तरसं दहा हजारांपेक्षा कमी उरली असावीत. गंमत अशी की कार्डावर चित्र आणि नाव आहे ठिपक्यांच्या तरसाचं, आणि त्याचा दर्जा ‘कमी चिंता’ आहे. म्हणजे कार्ड करणाऱ्यांनी माहिती दोन ठिकाणांहून उचलली आणि जुळवून पाहिली नाही. खाली लिहिलंय ‘वन्यजीव संरक्षण कायदा, अनुसूची ३’. ते जुनं झालं. १९७२ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे, आणि आता तरस लांडग्यासारखंच अनुसूची १ मध्ये आहे. वाघाला जे संरक्षण तेच तरसाला. विहिरीच्या काठावर त्या दिवशी हे कुणाला माहीत असतं तर!

पाच महिने हे दोन प्राणी शेजारी ठेवून शिकवताना माझ्या एक लक्षात आलं, ते पालकांनाही सांगते. लांडग्याला धोका त्याच्या नात्यातून येतो. कुत्रा त्याच्या इतका जवळचा की दोघांची संतती होते. पुण्याच्या बाजूला असा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्धही झालंय. गावची मोकाट कुत्री माळावर वाढली की लांडग्याचं रक्तच पातळ होत जातं, शिवाय डिस्टेंपर आणि रेबीज हे कुत्र्यांचे रोग पसरतात ते वेगळंच. तरसाचं कुत्र्याशी असं काही होऊच शकत नाही, कुलच निराळं. त्याला मारतं ते त्याचं दिसणं, कारण लांडग्याचा राग त्याच्यावर निघतो. आणि त्याचं खाणं: लांडग्याला मारायला कुणी मेलेल्या मेंढीवर विषारी औषध टाकलं की ती खायला येतं तरस. ‘कुल’ या एका रकान्यात एवढं सगळं दडलेलं असतं, म्हणून तो रकाना चुकलेला मला चालत नाही.

दुकानदारांशी फोनवर बोलले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, कार्डांचे फोटो मागवले आणि खोकं परत करायचं असेल तर या म्हणाले. वागणूक चांगली वाटली. पण येवल्याहून नाशिकला एसटीने जायचं-यायचं म्हणजे अख्खा दिवस, आणि मुलं काळवीट परत द्यायला तयार नव्हती. संच ठेवला.

मग तरस आम्हीच दुरुस्त केलं. सँडपेपरने ठिपके घासले, एम-सीलचे टोकदार कान चढवले, सुतळी उसवून तिची आयाळ पाठीवर चिकटवली, आणि पायांवर काळ्या रंगाचे पट्टे. पट्टे किती आणि कुठे यावर मुलांचं दोन दिवस भांडण चाललं. शेवटी गळ्यावरचा मोठा काळा डाग विसरलाय हे सातवीतल्या एका मुलाने दाखवून दिलं. लांडग्याचे पाय फिकट रंगवले, निळे डोळे पिवळे केले. मान काही बारीक करता आली नाही.

कार्डंही नवी केली, खोक्याच्याच पुठ्ठ्यावर. तरसाच्या कार्डावर मुलांनी लिहिलंय: ‘तरस. मुंगसाचं नातेवाईक. पुढून उंच, मागून बुटकं. राहतं कपारीत. हाडं खातं. लांडगा नाही.’ त्या चौथीतल्या मुलीने ते घरी नेऊन आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी एक ओळ वाढवायला सांगितली, ती तिने खाली बारीक अक्षरात लिहून आणली: ‘मेल्या जनावरावर औषध टाकू नये.’

माझ्याकडून ५ पैकी ३ तारे. तीनही तारे मालाच्या दर्जाला आणि काळवीट, खवल्या मांजर निवडल्याबद्दल. माहितीकार्डांना मी एकही देऊ शकत नाही. शहरातल्या घरी नुसतं खेळायला हवा असेल तर पैसे वसूल आहेत. शाळेसाठी घेत असाल तर दुकानात खोकं उघडायला लावा, तरसाच्या अंगावर ठिपके आहेत की पट्टे ते बघा आणि कार्डावर ‘कुल’ पुढे काय छापलंय ते वाचा. कंपनीने कार्डं बदलली तर मी इथेच लिहीन आणि तारे वाढवीन.